डाव्या हाताचं काम

गाडीच्या शोरूममध्ये नवरा-बायको जोडीनं गेले की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "मॅडम चालवणार असतील तर ऑटोमॅटिकच घ्या, सर." गाडी चालवणार मॅडम, सल्ला मिळतो सरांना! ते एक असो. त्याहून मोठी अडचण अशी, की हा सल्ला अर्धवट आहे. ऑटोमॅटिक म्हणजे कुठली ऑटोमॅटिक? या एका शब्दाखाली आज चार वेगवेगळ्या जातीची यंत्रं विकली जातात, आणि घाटात एक जशी वागते तशी दुसरी वागत नाही. साडी घेताना आपण नुसत्या "सिल्क आहे" एवढ्यावर कधी उठलोय का? शहापुरी की इरकली, काठ कसला, धुतल्यावर रंग जातो का, दुकानदाराला घाम फुटेस्तोवर विचारतो. आणि आठ-दहा लाखांची गाडी घेताना मात्र "सोपी आहे, मॅडम" एवढ्यावर मान डोलावतो.

म्हणून हा लेख. यंत्राची परीक्षा पुस्तकासारखीच करावी असं मला वाटतं. ते काय सांगतं, कुणासाठी केलंय, आणि कुठं फसवतं.

आधी गिअर कशाला लागतो ते बघू. इंजिनाचा स्वभाव जरा हट्टी असतो. फार हळू फिरवलं तर ते बंद पडतं, फार जोरात फिरवलं तर नुसतंच ओरडतं. त्याची खरी ताकद मधल्या पट्ट्यात. पण रस्त्याला इंजिनाच्या स्वभावाशी काय घेणं? त्याला चढ असतो, गर्दी असते, म्हैस आडवी येते. या दोघांचं जमवून देणारा मध्यस्थ म्हणजे गिअरबॉक्स. पहिल्या गिअरात इंजिन साधारण बारा ते पंधरा वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. वेग कमी, पण रेटा मोठा. पाचव्या गिअरात तेच तीन-साडेतीन फेऱ्यांत होतं. वेग मिळतो, रेटा जातो. म्हणून पाचव्यात चढ चढायला गेलं की गाडी घुसमटते, आणि पहिल्यात हायवेला धावली की किंचाळते. एवढं कळलं की बाकी सगळा तपशील.

गंमत म्हणजे चढासाठी खालचा गिअर हवा ही तक्रार करणाऱ्यांत एक बाई अगदी पहिल्या होत्या. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्यानंच बनवलेल्या तीनचाकी गाडीतून मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेल्या. शंभरेक किलोमीटरची वाट. चढावर गाडी दम टाकायची आणि पोरांना उतरून ढकलावी लागायची. परत आल्यावर त्यांनी नवऱ्याला सुचवलं, की डोंगरासाठी अजून एक गिअर पाहिजे. कार्ल बेंझनं तो बसवला. हा धंदा उभा राहिला त्यात बाईंच्या हुंड्याचे पैसे होते, हेही जाता जाता सांगून ठेवते. तेव्हा गिअर हे पुरुषांचं खातं, असं कुणी म्हणालं तर हा दाखला पुढं करायला हरकत नाही.

आपल्याकडं मात्र ते खातं तसं झालं खरं. ॲम्बेसेडर आणि पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगखालच्या दांडीवर असायचा, बरीच वर्षं तरी. पुढं ओढा, वर उचला, मग ढकला. तो कुठं पडला हे त्या गाडीला आणि तिच्या मालकालाच ठाऊक. बजाज चेतकला गिअर डाव्या मुठीत. क्लच दाबून अख्खी मूठच फिरवायची. घरात गाडी एकच आणि तिची अशी लहर सांभाळणारा माणूसही एकच, मग बाईनं शिकायचं कधी? १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. चार गिअर, दोन सीटच्या मधे सुटसुटीत दांडा, हलका क्लच. अनेक घरांत बायका पहिल्यांदा चारचाकीच्या पुढच्या उजव्या सीटवर बसल्या त्या याच गाडीत.

पण त्याच्या आधीच आपली सुटका दुचाकीनं केली होती. १९७२ ची ल्यूना, मग १९८४ ची कायनेटिक होंडा, पुढं स्कूटी, ॲक्टिव्हा. यांतल्या एकीलाही गिअर टाकायचा नसतो. गावोगावच्या शिक्षिका, बँकेतल्या बायका, शिवणाच्या क्लासला जाणाऱ्या मुली यांच्यावरच फिरल्या. आता बघा, कायनेटिक होंडाच्या पोटात जी रुंद-अरुंद होणारी पुली आणि पट्टा होता, त्याच तत्त्वावरचा गिअरबॉक्स आज महागड्या मोटारींत सीव्हीटी म्हणून मिरवतो. स्कूटरवर होता तेव्हा तो "बायकांचा", आणि मोटारीत गेला की "प्रीमियम". यंत्र तेच. लायसन्सवरही बघा, दुचाकीला "गिअर नसलेली" आणि "गिअर असलेली" असे दोन वर्ग आहेत; मोटारीला आपल्या कायद्यात तसा भेद नाही. इंग्लंडमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर गिअरची गाडी चालवता येत नाही. आपल्याकडं कुठल्याही गाडीवर लायसन्स काढा, कुठलीही चालवा. मग शिकवण्याची जबाबदारी उरते ड्रायव्हिंग स्कूलवर.

आणि इथं माझा खरा राग आहे. शाळेच्या गाडीत शिकवणाऱ्यासमोरही क्लच आणि ब्रेक असतो. असायलाच पाहिजे, जिवाचा प्रश्न आहे. पण मी बघितलेल्या बहुतेक ठिकाणी वीस दिवस क्लच दाबतो शिकवणाराच. "सेकंड टाका, सेकंड! थर्ड! परत सेकंड!" असा पुकारा चालतो आणि शिकणारी नुसता दांडा हलवते. इंजिनाचा आवाज ऐका, ते जड झालं की खालचा गिअर मागतंय, हलकं होऊन ओरडायला लागलं की वरचा मागतंय, हे कुणी सांगत नाही. हाफ क्लच म्हणजे काय, पायाला कुठं कळतं, हेही नाही. एकविसाव्या दिवशी ती बाई घरची गाडी घेऊन निघते, चौकात सिग्नलला गाडी मागं घसरते, मागचे हॉर्न वाजवतात, गाडी तीनदा बंद पडते. घरी आल्यावर निकाल लागतो, "तुला नाही जमायचं." जमायचं काय नव्हतं? शिकवलंच नव्हतं! अशा कितीतरी बायकांची लायसन्सं कपाटात साड्यांच्या घडीखाली नव्यासारखी पडून आहेत. आमच्या वाड्यातच चार निघतील.

म्हणून ऑटोमॅटिकबद्दल मी नाक मुरडत नाही. क्लच गेला की डावा पाय मोकळा होतो. गुडघे दुखणाऱ्या बाईला, बाळंतपण जवळ आलेलीला, रोज गणपत गल्लीच्या गर्दीतून जाणारीला याची किंमत विचारा. त्यात साडीच्या निऱ्या आणि क्लचचं पेडल यांचं जुनं वैर आहे, ते वेगळंच. गिअर हातानं टाकला तरच खरं ड्रायव्हिंग, हे म्हणणं म्हणजे पाट्यावर वाटली तरच खरी चटणी म्हणण्यासारखं. चव असते, नाकारत नाही. मोकळ्या आंबोलीच्या चढाला तिसऱ्या गिअरात, एका लयीत, पाऊस थांबल्या थांबल्या गाडी वर नेताना जे वाटतं ते मलाही फार आवडतं. हात, पाय, कान तिन्ही एका कामाला लागलेले असतात. पण रोज सकाळी मुलांना शाळेत सोडताना कुणी पाटा-वरवंटा घेऊन बसत नाही.

आता एकेक यंत्र घेऊ.

सगळ्यात जास्त खपवली जाते ती एएमटी. आपल्याकडं ती २०१४ मध्ये सेलेरिओपासून घरोघरी पोचली. हिचं गुपित असं, की ती मुळात ऑटोमॅटिक नाहीच. साधा गिअरबॉक्स, साधी क्लच प्लेट, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला आपल्या पाया-हाताऐवजी एक यंत्र बसवलंय आणि त्याला हुकूम देतो कॉम्प्युटर. म्हणून ती स्वस्त पडते आणि पेट्रोलही गिअरच्या गाडीएवढंच खाते. हा तिचा मोठा गुण, आणि तो कमी लेखू नये. लाखभर जास्त मोजायला लागले असते तर कितीजणींना घरातून परवानगी मिळाली असती?

पण गिअर बदलताना ती क्षणभर ताकद तोडते. आपला पाय ॲक्सिलरेटरवर तसाच दाबलेला असला की मान पुढं जाते, मागं येते. मागच्या सीटवरच्या आत्याबाई विचारतात, "ब्रेक का मारतेस गं सारखी?" उपाय आहे. गिअर बदलायची वेळ आली असं आवाजावरून कळलं की पाय किंचित उचलायचा. झटका जवळजवळ जातो. म्हणजे काय झालं बघा. ज्या बाईला गिअर कळत नाहीत म्हणून ही गाडी विकली, तिला ती नीट चालवायची तर गिअर कळायला लागतात! एएमटी सर्वांत चांगली चालवते कोण, तर जिनं दहा वर्षं मॅन्युअल चालवली ती. नवशिकीला ती झटकेच देते, आणि दोष परत नवशिकीच्या पायाला लागतो. शोरूममधली "सोपी आहे, मॅडम" ही समजूत इथं खोटी ठरते, आणि हे आधी सांगणं विकणाऱ्याचं काम आहे.

अजून दोन गोष्टी सांगत नाहीत. एक, चढावर थांबल्यावर ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागेवर धरून ठेवायची नाही. आत क्लच प्लेट घासत राहते, जळका वास येतो आणि मोठा खर्च उभा राहतो. ब्रेक किंवा हँडब्रेकच. दुसरं, बऱ्याच एएमटी गाड्यांना पार्किंगचा "पी" नसतो. गाडी लावताना गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद करायचं आणि हँडब्रेक ओढायचा. न्यूट्रलमध्ये सोडून उतरलात तर उतारावरची गाडी तुमची वाट बघत थांबणार नाही.

टॉर्क कन्व्हर्टर ही जुनी आणि माझ्या मते सर्वांत सभ्य जात. अमेरिकेत १९३९-४० मध्ये ओल्ड्समोबाइलनं हायड्रामॅटिक आणली, ती आजच्या या यंत्रांची आजी. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा, एकच चालू करा. त्याच्या वाऱ्यानं दुसऱ्याचीही पाती फिरायला लागतात. इथं वाऱ्याऐवजी तेल आहे. इंजिन आणि चाकं यांच्यात घट्ट गाठ नसल्यामुळं झटका बसत नाही, आणि ब्रेकवरचा पाय उचलला की गाडी आपोआप मुंगीच्या पावलानं पुढं सरकते. गल्लीत गाडी लावताना, तळघरातल्या पार्किंगचा रॅम्प चढताना हे सरकणं फार कामाचं. जुन्या चार गिअरवाल्या पेट्रोल प्यायच्या. आता सहा गिअर आणि आतली पक्की कडी आल्यावर तो डाग बराच पुसलाय. किंमत मात्र जास्त.

सीव्हीटीत दोन शंकूसारख्या पुल्या आणि मधे पोलादी पट्टा. गिअर असे नाहीतच, म्हणून बदलही जाणवत नाही. टिळकवाडी ते कॅम्प जायला याहून मऊ काही नसेल. पण घाई करून पेडल दाबलंत तर आधी इंजिन ओरडतं आणि मग सावकाश वेग येतो. ओव्हरटेक करताना हे ध्यानात ठेवायचं. आवाज झाला म्हणजे गाडी पळाली असं नाही.

ड्युअल क्लचमध्ये एका क्लचवर एक-तीन-पाच, दुसऱ्यावर दोन-चार-सहा. पुढचा गिअर आधीच तयार, म्हणून बदल डोळ्याचं पातं लवायच्या आत. हायवेला लाजवाब. पण यातल्या कोरड्या क्लचवाल्या तासभर इंचाइंचानं सरकणाऱ्या गर्दीत तापतात. मुलाला हौस असेल तर त्याला घेऊ द्या.

क्लच नाही पण दांडा आहे, अशी आयएमटी नावाची एक मधलीच चीज २०२० मध्ये आली. ना धड हे, ना धड ते. माझं मत तिच्याबद्दल फारसं बरं नाही, पण दुखऱ्या गुडघ्याच्या हौशी माणसाला ती चालेल.

मोटारींवर मासिकांतून जी परीक्षणं येतात त्यांत शून्य ते शंभर किती सेकंदांत, हा मुख्य प्रश्न. आपली परीक्षा शून्य ते वीसची असते हो! भाजी मार्केटच्या तोंडाशी, मागं रिक्षा, पुढं हातगाडी, शेजारी सासूबाई, मांडीवर डबा. तिथं गाडी किती गोडीनं सरकते, उलट्या गिअरात गल्लीतून निघताना दचकते का, हे त्या परीक्षणांत क्वचित येतं. कारण लिहिणारा बहुधा एकटा, रिकामी गाडी, मोकळा रस्ता आणि दुसऱ्याचं पेट्रोल.

आणि घाटाचा उतार. याबद्दल तर फारच थोडं लिहिलं जातं, आणि आपण बेळगावकर चहूबाजूंनी घाटांनी वेढलेले. गोव्याला जा, चोरला नाहीतर अनमोड. सावंतवाडीला आंबोली. निपाणीकडं स्तवनिधीच्या दर्शनाला निघालात तरी तवंदीचा घाट लागतोच. चढताना गाडी काय ते स्वतःच सांगते. उतरताना ती काहीच सांगत नाही, आणि तिथंच घात होतो.

उतारावर ॲक्सिलरेटर सोडून गाडी खालच्या गिअरात ठेवली की इंजिनच तिला मागं खेचून धरतं. ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा, असं जुने ड्रायव्हर सांगायचे, ते याचसाठी. ऑटोमॅटिकमध्ये नुसतं "डी"वर ठेवून उतरलात, तर वेग वाढला तसा कॉम्प्युटर बऱ्याचदा वरचा गिअर टाकतो. त्याला वाटतं बाईंना पळायचंय. मग सगळा भार ब्रेकवर. सतत दाबलेले ब्रेक तापतात, वास मारायला लागतात, पेडल मऊ पडून खोल जातं, आणि वळण समोर असतं. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच दांडा "एम"वर घेऊन दुसरा किंवा तिसरा गिअर धरायचा. सीव्हीटीला "एल" किंवा "एस" असतं ते लावायचं. मग ब्रेक अधूनमधून, टप्प्याटप्प्यानं. त्या "एम"चा उपयोग काय, हे मी आजवर ज्या ज्या मैत्रिणीला विचारलं तिच्या डिलिव्हरीच्या दिवशी कुणी सांगितलेलं नव्हतं. पेढे दिले, गाडीला हार घातला, फोटो काढला. "एम" राहिला.

न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचवणारे काका-मामा घरोघर आहेत. त्यांना नम्रपणे सांगा. आजकालच्या इंजेक्शनच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला की पेट्रोल तुटतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतच राहतं. म्हणजे वाचत काही नाही, आणि इंजिनाची पकड सुटते ती वेगळी. किल्लीच बंद करणारे महाभागही आहेत. इंजिन बंद झालं की दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंगही जड पडतं. अशा गाडीत मागं बसायला मी तरी सरळ नकार देते, मग चालवणारा वयानं कितीही मोठा असो.

विजेच्या गाड्यांनी हा सगळा संसारच मोडून टाकलाय. मोटरला उभ्यानेच पुरी ताकद असते, तिला गिअर बदलायची गरजच नाही. एकच गिअर, कायमचा. पाय उचलला की मोटर उलट कामाला लागून बॅटरी भरते आणि गाडी धरते, म्हणजे इंजिनासारखीच पकड, शिवाय वीज परत. एक मात्र बघा. घाटाच्या माथ्यावरच कुणाकडं मुक्काम करून रात्रभर चार्ज लावलात आणि सकाळी भरल्या बॅटरीनं उतरायला लागलात, तर त्या विजेला आत जागाच नसते, आणि ती पकड बरीच कमी होते. थोडी रिकामी ठेवून उतरा.

माझ्या मामींनी एकसष्टाव्या वर्षी गाडी घेतली. भाचे, पुतणे, जावई सगळ्यांचे सल्ले ऐकून घेतले, आणि टेस्ट ड्राइव्हला आलेल्या मुलाला म्हणाल्या, "बाळ, हायवे नको. कपिलेश्वरच्या पुलावर चल, संध्याकाळी सहा वाजता." चढावर मधोमध थांबवून बघितली, परत सुरू करून बघितली, उतरताना दांडा हलवून बघितला. तीन दुकानांच्या तीन गाड्या अशा फिरवल्या. टॉर्क कन्व्हर्टरवाली घेतली. बजेटच्या वर गेली तेवढ्यासाठी एफडी मोडली. परवा आम्ही पाचजणी तिच्यातून चोरल्यानं खाली उतरलो. मामी दुसऱ्या गिअरात, मागं दोन ट्रक हॉर्न देतायत, आणि त्या आरशात बघून म्हणतात, "वाजवू दे. वळण संपलं की देते जागा."